खोडलेलं नाव

नौरोजच्या, म्हणजे वसंतातल्या नववर्षाच्या, जुगलबंदीआधी आमच्या विद्यापीठाचे उपकुलगुरू मेदेरबेक सर यांनी फर्मान काढलं: दोन्ही गायकांनी आपली कवनं लिहून आधी तपासून घ्यावीत. आता ही जुगलबंदी म्हणजे कोमुझच्या तारा छेडत, समोरच्याला तिथल्या तिथे सुचेल ते ऐकवायचं. भांडणाची प्रत आगाऊ मागण्यातला प्रकार. मी परीक्षक. पोट धरून हसले, अर्थात दार लावून.

दोघांपैकी एक गायिका, आमची विद्यार्थिनी कानिशाय, हिला मात्र हसू येईना. तिच्या कवनातलं एकच नाव लाल शाईने खोडलं होतं: तोक्तोसुन. तिला कोमुझ शिकवणारे तिचे उस्ताद. विद्यापीठाची डोंगराकडची जमीन गेली कुठे, असं भर वर्गात विचारलं म्हणून सरांनी त्यांना घरी बसवलं होतं. उस्तादाचं नाव घेतल्याशिवाय आमच्याकडे कुणी गाणं सुरू करत नाही. आणि ते घेतलंस तर काढून टाकीन, असं सरांनी तिला बजावलेलं. पोरीचं शेवटचं वर्ष.

सभागृह खच्चून भरलं होतं. कानिशायने वसंताला नमन केलं, डोंगरांना केलं, आणि उस्तादाच्या नावापाशी येऊन तारांवर हात ठेवून थांबली. त्या जागी दुसरं काही भरायला ती तयार नव्हती.

समोर सियमिक, सरांचा सख्खा भाचा. समोरचा अडला की आपण जिंकलो, हा नियम. त्याने नुसतं बसून राहायचं होतं. त्याने एकदा मामाकडे पाहिलं आणि तिच्याच चालीवर ओळ पुरी केली.

"तोक्तोसुन तिचा उस्ताद, आणि माझाही."

 

तेवढ्यात सरांच्या शेजारचे पाहुणे, नव्वदीचे झानीबेक आजोबा, काठी टेकत उठले आणि त्यांनी आशीर्वादासाठी तळवे पसरले. म्हाताऱ्या माणसाने तळवे पसरले की आमच्यात कुणाचेच हात मांडीवर राहत नाहीत. कडेवर असल्यापासूनची सवय. अख्ख्या सभागृहाचे तळवे उघडले.

"तोक्तोसुनला उदंड आयुष्य लाभो. त्याच्या लेकरांचा, शिष्यांचा आवाज कधी बसू नये."

"ओमीन," म्हणजे तथास्तु, सगळे म्हणाले आणि चेहऱ्यावरून हात फिरवले. मेदेरबेक सरांनीही फिरवले. इतकं मोठं काही मी या सभागृहात कधी पाहिलं नव्हतं.

नाव कानिशायने घेतलं नव्हतं, पण ते तिच्यामुळेच गाजलं म्हणून दुसऱ्या दिवशी तिला काढण्याचा कागद सहीसाठी सरांपुढे आला. मी समोरच बसले होते.

"सर, काल तुम्हीही ओमीन म्हणालात," मी म्हटलं.

त्यांनी आपल्या तळव्यांकडे पाहिलं.

"म्हणालो खरा," ते म्हणाले, आणि त्यांनी सही न करताच पेनाला टोपण लावलं.