ढाल, पहारा आणि आजारी पडणारा मी

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे आणि आजारी पडणं हाच माझा पेशा होता. हसू नका. त्या पेशाने मला जे दाखवलं, ते आठवलं की आजही माझी वाचा बसते.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. पांढरे हातमोजे घातलेल्या एका बाईने माझ्या पोटात शेवटचा स्क्रू पिळला आणि मला हलकेच थोपटलं. तिथून मी एका गुंतवणूक संशोधन कार्यालयात आलो. लोकांची बचत कोणत्या कंपनीत ठेवावी, हे शोधून सांगणारं ते कार्यालय. सुरुवातीला माझी ऐट काय विचारता! "याच्यासारखा वेगवान दुसरा नाही," असं मोठे साहेब पाहुण्यांना सांगत. मग नवी, सडपातळ यंत्रं आली आणि माझी रवानगी झेरॉक्स मशीनमागे झाली. कुणी माझ्यावर चहाचा कप ठेवी, कुणी ओली छत्री टेकवी.

तिथून मला बाहेर काढलं ते ताईंनी. ताई त्या कार्यालयातल्या संशोधक. स्वभाव इतका शंकेखोर की लिफ्टवर लिहिलेली माणसांची मर्यादासुद्धा त्या माणसं भरून तपासतील, असं सगळे म्हणत. निवृत्त परिचारिकांच्या संघाने आपला निधी त्यांच्या हवाली केला होता. बाजारात तेव्हा दोन कंपन्यांची चुरस होती. दोघीही चोरांपासून आणि विषाणूंपासून संगणक राखणारं सॉफ्टवेअर बनवत. एकीचं नाव ढाल, दुसरीचं पहारा. ढाल मोठी आणि गाजलेली, पहारा लहान पण चपळ.

"ढालचे शेअर घ्या आणि मोकळ्या व्हा. सगळं जग घेतंय," साहेब म्हणाले.

"जग घेतंय म्हणून मीही शिक्का मारू? त्या बायकांच्या म्हातारपणाची शिदोरी आहे, साहेब. आधी दोन्ही पारखून बघते."

"कशावर पारखणार?"

ताईंनी माझ्याकडे बोट दाखवलं.

त्या दिवसापासून कार्यालयातले तंत्रज्ञ काका माझे वैद्यही झाले आणि वैरीही. ते माझ्यात ढाल किंवा पहारा बसवत, त्यांना नव्या विषाणूंची ताजी माहिती पुरवत, मग बाहेरच्या जगाशी जोडणारी माझी तार उपटून एक विषाणू सोडत. "चल रे बाबा, आज तुला चांगलाच ताप आणतो," असं म्हणून खुर्चीत रेलत. चाचणी झाली की मला पुसून कोरा करत. पुसल्यावरही मला हे सगळं कसं आठवतं, ते मात्र विचारू नका.

मित्रांनो, तोवर मला वाटायचं की जग म्हणजे पत्रं आणि आकडे. आता कळलं, की साध्या चित्राच्या आड कुणी दबा धरून असतं, गोड निरोपाच्या शेपटीला विष असतं. आणि ते विष उठण्याआधीच कुणीतरी त्याचा हात धरतं! तो पहारेकरी मला कधी दिसला नाही. मी नुसता थक्क होऊन बघत राहायचो.

एका सकाळी काकांनी अगदी नवा विषाणू आणला. माझ्यात तेव्हा ढाल होती. ती गप्पच राहिली. बघता बघता माझ्या पोटातल्या पत्रांची अक्षरं उलटीपालटी झाली. माझीच पानं, आणि मला एक ओळ वाचता येईना! दुपारी काकांनी पहारा बसवून तोच विषाणू सोडला. पहाऱ्याने त्याला उंबरठ्यावरच धरलं.

"ठरलं तर मग! पहारा!" साहेबांनी टाळी वाजवली.

"थांबा जरा," ताई म्हणाल्या. "एकीची परीक्षा सकाळी, दुसरीची दुपारी. मधल्या वेळात काही झालं का, ते बघू दे."

त्यांनी पहारा कंपनीच्या मुख्य अभियंत्यांना फोन लावला. आवाज सगळ्यांना ऐकू येत होता.

"आमचं कौतुक करू नका, मॅडम," अभियंते म्हणाले. "त्या विषाणूची ओळख आम्हाला ढालच्या माणसांनीच दिली. त्यांच्या एका ग्राहकाकडे तो शिरला होता. स्वतःचा इलाज तयार व्हायच्या आत त्यांनी सगळ्या प्रतिस्पर्ध्यांना कळवलं. पुढचा घाव दवाखान्यांवर पडणार होता."

"कट्टर स्पर्धक ना हे?" साहेब पुटपुटले. "मग यांचा धंदा चालतो कसा?"

दुसऱ्या दिवशी ढालने आपली चूक जाहीर केली आणि तिचा भाव गडगडला. संघाच्या अध्यक्षा, एक निवृत्त मेट्रनबाई, कार्यालयात आल्या. ताईंनी काहीही न झाकता सगळं सांगितलं.

"त्यांना हे लपवता आलं असतं?" मेट्रनबाईंनी विचारलं.

"काही दिवस तरी सहज."

"वॉर्डात चुका सगळ्यांच्याच होतात हो. आपणहून येऊन सांगणारी मुलगी मात्र क्वचित भेटायची. तुमचं काय मत?"

ताई म्हणाल्या, "निम्मे पहाऱ्यात, निम्मे ढालमध्ये. पण ढाल पुन्हा चुकली आणि गप्प बसली, तर त्याच दिवशी पैसे काढून घेईन."

पुढे कितीतरी दिवस ढालचा भाव खाली खालीच जात राहिला. साहेबांचे टोमणे ऐकून ताईंचा डबा तसाच घरी परत जाई. फोन वाजला की त्या दचकत. मग हळूहळू दवाखाने, शाळा, बँका ढालकडे वळू लागल्या. 'निदान खरं तरी सांगतात,' एवढंच त्यांचं कारण होतं. भाव सावरला आणि परिचारिकांचं निवृत्तिवेतन एकदाही थकलं नाही.

आता माझे पंखे घरघरतात आणि भंगारवाल्याची गाडी सोमवारी येणार आहे. त्याचं मला दुःख नाही. मित्रांनो, तुमचा दिवस सुरळीत जातो, पत्र पोचतं, दवाखान्यात आजोबांचा अहवाल वेळेवर उघडतो आणि तुम्ही म्हणता, "आज काही विशेष घडलं नाही." ते न घडावं म्हणून कुठेतरी जागून जागून कुणाचे डोळे लाल झालेले असतात. म्हणून तुमच्या यंत्राने अपडेट मागितलं, तर 'उद्या बघू' म्हणू नका. आणि घरातलं कुणी आपणहून येऊन "माझं चुकलं" म्हणालं, तर आधी त्याला जवळ बसवा.