सोहलपूरच्या मैदानावरची शिट्टी

मी शिट्टी बोलतेय. फुटबॉलच्या पंचाच्या ओठांत असते ती, पितळेची. पोटात बुचाचा एक मणी आहे, त्यामुळे स्वस्थ बसणं मला माहीत नाही. पण आज सांगतेय ती अस्वस्थता माझी नाही, माणसांची आहे.

कुठल्या कारखान्यात घडले ते आठवत नाही. आठवतं ते कोल्हापूर. तिथं सदाशिवराव नावाच्या पंचांनी मला वीस वर्षं फुंकलं. त्यांचा मुलगा श्रीनिवास हाडांचा डॉक्टर झाला आणि १९८० साली चंडीगडला इस्पितळात नोकरीला निघाला. तेव्हा त्यांनी मला त्याच्या तळहातावर ठेवलं.

"तिकडं तुझ्या ओळखीचं कोण न्हाई. हिला ने. मैदान सापडलं की माणसं सापडत्यात."

मैदान सापडलं ते सोहलपूरचं. चंडीगडहून बसनं तासाभरावर, गव्हाच्या शेतांमधलं लहानसं गाव. फाळणीनंतर पलीकडून निर्वासित आले, तेव्हा गावातली जुनी माणसं त्यांच्याशी बोलतही नसत म्हणे. पोरं मात्र एका चेंडूमागं धावली. विहिरीचे जुने पाइप रोवून गोलचे खांब झाले आणि क्लब सुरू झाला. हे सगळं क्लबचे प्रमुख सुभेदार अजैब सिंग ऐकवायचे. त्यांच्या मुलाचा, जगतारचा, मोडलेला पाय श्रीनिवासनं जोडला होता.

"डॉक्टरसाब, पंच गावचा असला की मारामारी ठरलेली," सुभेदार म्हणाले. "तुम्ही ना इकडचे, ना तिकडचे. तुम्हीच पक्के पंच!"

मग दर रविवारी आम्ही सोहलपूरला. पुढं जगतार खेळायचा, गोलमध्ये नरेश, बाजारातल्या कापडवाल्याचा मुलगा. दोघं एका बाकावर शिकलेले. मैदानात एकमेकांना शिव्या घालायचे आणि नंतर एकाच ग्लासातून लस्सी प्यायचे.

चौऱ्याऐंशीनंतर पंजाबात खलिस्तानवाल्यांच्या बंदुका आणि पोलिसांची धरपकड वाढली, सगळं बिघडत गेलं. बस वाटेत तीनतीनदा थांबायची. एकदा एका शिपायानं मला श्रीनिवासच्या खिशातून काढलं, उलटंसुलटं केलं आणि संशयानं परत दिलं. गोल झाला तरी लोक आधी रस्त्याकडं पाहायचे. मोटारसायकलचा आवाज आला की खेळणाऱ्यांचे पाय अडखळायचे.

"तुम्ही घरी येईपर्यंत माझा जीव टांगणीला लागतो हो," श्रीनिवासची बायको वसुधा म्हणायची. धाकटी लीना हिंदीत म्हणायची, "पापा, मत जाओ ना." तो दोघींकडं न पाहता बूट बांधायचा.

१९८७ च्या फेब्रुवारीत क्लबच्या दारावर चिठ्ठी सापडली. बाजारातल्या हिंदू पोरांनी खेळायचं नाही, गाव सोडायचं. त्याच आठवड्यात पोलीस जगतारला घेऊन गेले. का, ते कुणी सांगितलं नाही. म्हणजे एका घराला बंदूकवाल्यांची भीती आणि दुसऱ्याला वर्दीची.

त्या रविवारी शेजारच्या गावाशी सामना होता. सोहलपूरचे आठच जण आले. आठवा नरेश.

"तू कशाला आलास?" सुभेदार त्याच्यावर ओरडले.

"उद्या ट्रक येतोय, चाचाजी. आम्ही अंबाल्याला चाललो. आज एकदा खेळू द्या."

पाहुण्यांनी आपले दोन राखीव खेळाडू उसने दिले आणि खेळ सुरू झाला. वीस मिनिटं झाली असतील. एक मोटारसायकल मैदानाच्या कडेला येऊन थांबली. वर दोघे, तोंडं झाकलेली. मागच्याच्या चादरीखाली काहीतरी लांब होतं.

"गोलकीपर, इकडे ये," तो म्हणाला.

नरेश जागचा हलला नाही. सुभेदार मात्र हलले. सावकाश चालत गेले आणि नरेशच्या पुढ्यात उभे राहिले. त्यांचा स्वतःचा मुलगा कोठडीत होता, आणि ते दुसऱ्याच्या मुलासमोर छाती पुढं करून उभे होते. मग सोहलपूरचा एकेक खेळाडू गोलकडं सरकला. मग पाहुणेही. गोलमध्ये माणसांची भिंत झाली.

आणि श्रीनिवासनं मला फुंकलं. एकदा नाही, पुन्हापुन्हा, थांबेचना. शेतातली माणसं कामं टाकून बांधावर आली. बाजारातून लोक धावले.

मोटारसायकल वळली आणि गेली. ते का गेले, मला आजही ठाऊक नाही.

पुढं गावात म्हणू लागले, डॉक्टर धीट माणूस. मला विचारा. माझ्यात आलेला तो श्वास भीतीचा होता. दात माझ्यावर कडकड वाजत होते. पण भेदरलेला माणूसही वाजवू शकतो, हे मी त्या दिवशी शिकले.

दुसऱ्या दिवशी ट्रक गेलाच. जगतार दोन महिन्यांनी घरी आला तो मुका होऊन. क्लबला कुलूप लागलं, मैदानावर म्हशी चरू लागल्या. मी कपाटाच्या खणात, जुन्या थर्मामीटरशेजारी पडून राहिले. सहा वर्षं मला कुणी ओठांना लावलं नाही.

१९९३ च्या हिवाळ्यात, बंदुका थंडावल्यावर, सुभेदार इस्पितळात रांगेत उभे राहून श्रीनिवाससमोर आले. दुखणं काही नव्हतं.

"रविवारी मॅच आहे, डॉक्टरसाब. अंबाल्याशी."

त्या रविवारी अंबाल्याच्या संघातून, परक्या रंगाचा सदरा घालून, गोलमध्ये नरेश उभा होता. पोट जरा सुटलेलं. जगतार त्याच्याकडं न पाहताच खेळत राहिला. शेवटची पाच मिनिटं उरली, तेव्हा एका गोलनं मागं असलेल्या सोहलपूरला पेनल्टी मिळाली आणि चेंडू जगतारसमोर आला. कुणाच्या बाजूनं ओरडावं, गावाला कळेना.

जगतारनं मारला. नरेशनं डावीकडं झेपावून तो छातीशी धरला.

सोहलपूर हरणार होतं आणि सोहलपूरच टाळ्या वाजवत होतं. जगतार पुढं गेला, खाली वाकला आणि सहा वर्षांत पहिल्यांदा त्याला शिवी दिली. मोठी, जुनी, पंजाबी शिवी. नरेश चेंडू पोटाशी धरून तसाच पडून हसत राहिला, हसताहसता रडायला लागला. चेंडू काही सोडेना.

इतका वेळ चेंडू धरून ठेवला की नियमानं मी वाजायला हवं. मी श्रीनिवासच्या ओठांत होते, त्याची छाती भरलेली होती. त्यानं श्वास सोडून दिला, नाकातून, हलकेच.

आता मी सोहलपूरच्या क्लबात खिळ्याला टांगलेली असते. अंगावरचं पितळ झिजलं, आवाज चिरकतो. नवा पंच कुणीही असो, माझं एवढंच मागणं आहे: दहशत माजवणारा दारात आला तर मला जीव तोडून फुंका. आणि दोन माणसं पुन्हा बोलायला लागली असतील, तर नियम बाजूला ठेवा. मी थांबेन.