कबरीसाठी धरलेला आडोसा

मार्गशीर्षातल्या सकाळी आमच्या घरात उन्हाच्याही आधी मोठीमायच्या सुपाचा आवाज येतो. पाखडलेल्या धानाची फोलपटं दारापुढच्या छपरीतून उडतात, तिरप्या उजेडात क्षणभर सोनेरी होतात आणि तिच्या पिकल्या केसांवर येऊन बसतात. ती मान हलवत नाही, केस झटकतही नाही. माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची ही बायको. सिहोऱ्याच्या पुढे, तलावाखालच्या धानाच्या बांध्या कसणाऱ्या आमच्या एकत्र घरात तिचं वय मोठं आणि तिचा शब्द त्याहून मोठा. बोलणं मात्र कमी. जे सांगायचं ते ती हाताने सांगते. हात वर केला की थांबायचं, पालथा केला की निघून जायचं.

या बाईला एक जगावेगळं वेड होतं, आडोशाचं. कोंबडी अंड्यांवर बसली की तिच्यापुढे डालं उभं राहायचं. गाय व्यायला झाली की गोठ्याच्या तोंडावर गोणपाट लागायचं. माहेरी आलेली लेक बाळाला पाजायला बसली की दारावर जुनं लुगडं यायचं, मग घरात कोणी असो वा नसो. उद्या चुलीवरच्या भातालाही तू आडोसा धरशील, असं आम्ही तिला चिडवायचो. ती हसायची आणि लुगड्याची गाठ आणखी आवळायची. एकदाच, मिरच्या खुडता खुडता, तिने या वेडाचं मूळ सांगितलं होतं. तिची पहिली मुलगी झाली तेव्हा घरात लग्न होतं, पाहुण्यांनी घर भरलेलं होतं आणि तिच्या खोलीला कवाड नव्हतं. येणारा-जाणारा डोकावून जाई. वेदनेपेक्षा त्या डोकावण्याची लाज तिला जास्त आठवत होती. सोसणाऱ्या जिवाकडे पाहू नये, ही तिची दया होती; आणि ती तिने माणूस, गुरं, पाखरं, सर्वांना सारखी वाटली.

कबरी आमच्याकडे आली ती धानाच्या ढोलीतल्या उंदरांच्या निमित्ताने, आणि राहिली ती मोठीमायच्या निमित्ताने. काळ्या-पिवळ्या ठिपक्यांची, एक कान दुमडलेली ही मांजर तिच्या सुपाशी बसायची, घरामागच्या सांदवाडीत तिच्या मागे मागे फिरायची आणि तिने पाय पसरले की पोटऱ्यांना टेकून झोपायची. "काही कामाची नाही ही," असं मोठीमाय जगाला सांगायची आणि आपल्या ताटातला दूधभात आधी तिच्यापुढे सारायची. दिवाळीनंतर कबरीचं पोट दिसू लागलं, तेव्हा मोठीमायच्या चालण्यातसुद्धा एक जपणूक आली. मागच्या खोलीत एक जुनी ढोली आडवी पडली होती. बांबूची विणलेली, शेणाने लिंपलेली, एका अंगाने फुटलेली ती कणगी तिने झाडून घेतली, आत मऊ तणस पसरलं, त्यावर चिंध्या घातल्या. कबरीने आत शिरून दोन गिरक्या घेतल्या आणि जागा पसंत केली.

ज्या दिवशी कबरीला कळा लागल्या, त्याच दिवशी खळ्यावर धान चुरायचं यंत्र आलं होतं. सकाळी खोलीतून खर्जातलं ओरडणं ऐकू आलं. मोठीमायने लगेच ढोलीच्या तोंडावर लुगडं बांधलं आणि दारात हात आडवा धरला. माझी बायको डोकावू लागली, तशी तिला ऐकावं लागलं, "काहून पाह्यतं वो? तुह्या बाळंतपनात कोनी पाहून राह्यलं होतं काय?" मांजरीवर नजर पडली की ती पिल्लं तोंडात धरून सात घरं फिरवते, हे तर गावात लहान पोरालाही माहीत आहे. कुणीच पाहिलं नाही. दिवसभर यंत्राची घरघर अंगणात भरून राहिली, धुळीचा लोट उठत राहिला, आणि त्या आवाजाखाली कबरीचं ओरडणं दबून गेलं.

दुपारी जेवणासाठी यंत्र थांबलं. मोठीमाय खोलीच्या दाराशी कान देऊन उभी राहिली. आत शांतता होती. तिच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरलं ते मी पाहिलं आहे, आणि आता ते आठवलं की मला फार वाईट वाटतं. "सुटली बिचारी," ती म्हणाली. तिने दुधाची वाटी लुगड्याच्या खालून, मान वळवून, आत सारली. शांततेचा अर्थ तिने आपल्या अनुभवावरून लावला. बाई मोकळी झाली की झोपते, तशी कबरीही झोपली असेल असं आम्हा सर्वांना वाटलं.

उन्हं उतरली तेव्हा ती वाटी काढायला गेली. दूध तसंच होतं. तिने लुगडं वर केलं. एक पिल्लू आईच्या पोटाशी वळवळत होतं, दुसरं अर्धं बाहेर येऊन अडकलं होतं, आणि कबरी डोळे उघडे ठेवून पडली होती. ती शांत झाली होती ती थकून, ओरडायचीही ताकद न उरल्यामुळे.

जिवंत पिल्लू माझ्या बायकोने चुलीजवळ उबेला घेतलं. मी गाडी काढली. मोठीमाय मागे बसली, कबरीला टोपलीत न घालता पदरात गुंडाळून. तुमसरच्या वाटेवर दोन्हीकडे कापलेल्या बांध्या होत्या, रचून ठेवलेल्या धानाच्या पुंजण्यांवर संध्याकाळ पिवळी पडत होती, आणि पाठीमागून एकच सूर येत होता, "चाल ना बाप्पा, चाल." गुरांचे डॉक्टर दवाखाना बंद करून निघाले होते, आम्हाला पाहून परत आले. त्यांनी सुई लावली, बोटाला तेल लावून हळूहळू पिल्लू सोडवलं. ते मेलेलं होतं. पोटात आणखी एक होतं. "बाई, तुम्ही बाहेर बसा," ते म्हणाले. मोठीमाय हलली नाही. "आता पाहू द्या मले," एवढंच म्हणाली. आयुष्यभर दुसऱ्याच्या वेदनेसमोर मान वळवणारी ती बाई त्या टेबलाशी उभी राहिली आणि कबरीचा श्वास थांबेपर्यंत तिने पापणी हलवली नाही. डॉक्टरांनी कुणाला दोष दिला नाही. सकाळी आणली असती तर वाचली असती, हे मात्र मी विचारल्यावर त्यांना सांगावं लागलं.

सांदवाडीत, सीताफळाच्या झाडाखाली आम्ही तिला पुरलं. मी समजूत घालू लागलो, "मोठीमाय, तुले काय माहीत होतं?" ती हातावरची माती चोळत राहिली. मग म्हणाली, "माहीत नोहोतं, म्हनूनच तं पाहाले पाह्यजे होतं."

त्यानंतर तिने कुणालाच आडोसा केला नाही. परवा शेळी व्यायला झाली, तर ही सकाळपासून तिच्यासमोर पाट टाकून बसली. शेळी वैतागून पाठ करायची, ही पाट उचलून पुन्हा समोर जायची. आम्ही हसलो नाही. तिच्या चेहऱ्यावर जी भीती होती ती हसण्यासारखी नव्हती.

घरच्या दुसऱ्या, आधीच व्यालेल्या शेळीच्या दुधाचे बोळे चोखून कबरीचं पिल्लू जगलं. आता ते छपरीत हुंदडतं, फोलपटांमागे उड्या मारतं आणि दमलं की मोठीमायच्या मांडीवर चढून तिचा पदर पंजांनी मळत लुचू लागतं. आईचा वास त्याच्या लक्षात असेल असं मला वाटत नाही. ते लुचत असताना मोठीमायचा हात त्याच्या पाठीवरच थांबतो आणि ती कितीतरी वेळ त्याच्याकडे टक लावून पाहत राहते. काळ पोरक्याला विसरण्याचं वरदान किती सहज देऊन टाकतो. गेलेल्याची आठवण मात्र तो त्याच्याच पदरी ठेवतो, ज्याने मायेपोटी क्षणभर मान वळवलेली असते.