शेवटच्या खुर्चीपुढचा माईक

मी माईक बोलतोय. हसू नका. माईकनं स्वतः बोलायचं नसतं, दुसऱ्याचं बोलणं पुढे ढकलायचं असतं, हे मलाही ठाऊक आहे. पण आत्ता सभागृहात कुणी नाही आणि माझ्या पोटात इतकं साचलंय, की सांगितल्याशिवाय राहवत नाही.

मी एका विद्यापीठाच्या परिषदेच्या सभागृहात राहतो. राहतो कसला, अडकलोय. लांबलचक टेबल आहे. एका टोकाला कुलगुरू बसतात, दुसऱ्या टोकाला मी. माझी मान हवी तशी वळते, पण बूड टेबलात रुतवलेलं. कारखान्यातून निघालो तेव्हा माझ्याच खोक्यातला माझा भाऊ एका वाद्यवृंदाकडे गेला. तो गावोगाव हिंडत असेल, गाणी ऐकत असेल. माझ्या वाट्याला आलं ‘मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे’.

माझ्या कपाळावर एक लाल दिवा आहे. तो लागला तरच माझ्यातून आवाज बाहेर जातो. त्याचं बटण कुलसचिवांच्या हाताशी. माझ्यासमोरच्या माणसानं हात वर करायचा, कुलगुरूंनी मान हलवायची, मग कुलसचिवांनी बटण दाबायचं. तोंड माझं, कुलूप त्यांचं. ऐकू मात्र मला सारखंच येतं. कान मिटायची सोय कुणी ठेवलेली नाही.

या टेबलावर काय ठरतं? सगळंच. कुणाला नेमायचं, कुठली इमारत बांधायची, कोणत्या विभागाला कुठल्या खोल्या द्यायच्या. सभासद कोण? काही पदामुळे आलेले, काही वरून नेमलेले, काही प्राध्यापकांनी निवडून दिलेले. आणि एक खुर्ची, माझ्यासमोरची, उरलेल्या सगळ्यांची. कारकून, शिपाई, प्रयोगशाळेतले मदतनीस, माळी, प्लंबर या सगळ्यांनी मतं टाकून आपलं एक माणूस इथे पाठवायचं.

आधी एक अधीक्षक आले. ते कागदावर बदकं काढायचे आणि विचारलं की “सहमत” म्हणायचे. नंतर एक कारकून आले. ते इतके गाढ झोपायचे की त्यांचं कपाळ माझ्या जाळीवर टेकायचं.

मग ताई आली.

ती प्राणिशास्त्राच्या तळघरात कामाला होती. तिथे बरण्यांत, औषधात बुडवलेले साप, मासे, बेडूक असतात. ताई आणि तिच्या जोडीची काकू दिवसभर झाकणं उघडून ते औषध बदलायच्या. खोलीला खिडकी नाही. वाफ जाणार कुठे? नाकात, डोळ्यांत. ताई पहिल्यांदा माझ्यासमोर बसली तेव्हा तिच्या श्वासातली बारीक शीळ मला ऐकू आली. टेबलाभोवती दुसऱ्या कुणालाच नाही. मी सांगणार कसा? दिवा बंद होता.

तिचं एकच मागणं होतं. ती खोली वर न्या, खिडकी असलेल्या मजल्यावर.

पहिल्या सभेत तिनं हात वर केला. उत्तर आलं, “हा विषय कार्यक्रमपत्रिकेवर नाही.” पुढच्या वेळी तिनं विषय आधी लेखी दिला. उत्तर आलं, “याला अनुमोदक नाही.” मग ती सभासदांची दारं ठोठावत हिंडली. रसायनशास्त्राच्या सरांनी अनुमोदन दिलं, ग्रंथालयाच्या मॅडम सोबत उभ्या राहिल्या. तेव्हा कुलगुरू म्हणाले, “उपसमिती नेमू या.”

“नेमा की साहेब,” ताई म्हणाली. “फक्त तिची बैठक आमच्या तळघरात घ्या. चहा माझ्याकडून.”

सगळे हसले. उपसमिती खाली गेली आणि नाकाला रुमाल लावून वर आली. चहाचे पेले भरलेलेच राहिले. अहवाल ताईच्या बाजूनं झाला. आता पुढच्या सभेत मतदान, एवढंच उरलं होतं.

त्या आठवड्यात तिचा धाकटा भाऊ सभागृहात आला होता. विद्यापीठातच प्लंबर. शाळेशी त्याचं लवकर बिनसलं आणि रागाशी लवकर जमलं, म्हणून सगळे त्याला भडक्या म्हणतात. तो शिडीवर चढून एसीची गळकी नळी बसवत होता आणि ताई खाली बसून अहवाल वाचत होती.

“ताई, एवढं लेखी-बिखी कशाला? मी चार पोरं घेऊन येतो आणि बरण्या उचलून वर ठेवतो. बघू कोण काय करतं!”

“दुसऱ्या दिवशी तेच त्या खाली आणतील आणि तुला घरी पाठवतील. इथे ठरलं तरच टिकतं, भडक्या.”

“मग जा, टेबलावर उभी राहून बोंबल.”

“इथे उठलं की संपलं रे. बूड जड लागतं.”

“ते आपल्या घराण्यात कुणाला नाही.”

ती हसली आणि हसता हसता खोकायला लागली. खोकला थांबेना. तो शिडीवरून जवळजवळ उडी मारूनच खाली आला.

“ताई, डॉक्टरकडे चल. आत्ता.”

“ही सभा होऊ दे. मग येते.”

सभा झाली. ती नव्हती. कुलसचिवांनी ‘दुःखद निधन’ असं वाचलं, खुर्च्या सरकल्या, सगळे उभे राहिले. मला उभं राहता येत नाही. माझ्यासमोरची खुर्ची तशीच टेबलात सारलेली होती. तिचा विषय पुढच्या सभेवर ढकलला गेला.

मुदतीच्या मध्ये खुर्ची रिकामी झाली की त्या जागेसाठी पुन्हा मतदान होतं. भडक्या उभा राहिला. काकूनं त्याचं नाव सुचवलं. माळ्यांपासून लेखाविभागापर्यंत सगळ्यांनी त्यालाच मत दिलं. मतं खरं तर ताईची होती, ती त्याच्या नावावर पडली.

तो आला तेव्हा त्याच्या अंगावर इस्त्रीचा शर्ट होता आणि दाढी वाढलेली होती. त्याचा श्वास भात्यासारखा चालला होता. त्या दिवशी सभेला माणसं जेमतेमच होती. ताईचा विषय निघाला.

एक अधिष्ठाता गोड आवाजात म्हणाले, “अहवाल योग्यच आहे. पण वर जागा कुठे आहे? मी म्हणतो, आपण त्या तळघरालाच ताईंचं नाव देऊ. छानशी पितळी पाटी लावू. त्यांची आठवण राहील.”

“उत्तम!” कुणीतरी म्हणालं.

भडक्यानं हात वर केलाच नाही. तो ताडकन उठला आणि त्यानं माझी मान धरली. माझा दिवा बंद होता, पण त्याला माझी गरजच नव्हती.

“जिला तिथून बाहेर पडायचं होतं, तिला कायमची तिथेच कोंबताय?”

“बसून बोला,” कुलगुरू म्हणाले.

“नाही बसत! तुम्हीच बसा, पाटी घासत! सर, चला. मॅडम, उठा.”

सर उठले. मॅडमही उठल्या. दार इतक्या जोरानं आपटलं की माझी जाळी थरथरली.

कुलसचिवांनी डोकी मोजली. सभेला लागतात तितकी माणसं उरली नव्हती. सभा अर्धा तास तहकूब झाली. बाहेरून भडक्याचा आवाज आला, “सभाच मोडली! आता करा म्हणावं ठराव! चला सर, चहा माझ्याकडून.” पावलं जिन्यावरून उतरत गेली.

मी आतल्या आत किंचाळत होतो. परत ये! अरे गाढवा, परत ये! तहकूब झालेली सभा पुन्हा भरली की तिला माणसांच्या संख्येची अट उरत नाही. हा नियम मी या टेबलावर किती वेळा ऐकलाय. ताईला तो पाठ होता. सरांना माहीत असायला हवा होता, पण भरल्या डोळ्यांनी उठलेल्या माणसाला नियम कुठे आठवतो?

अर्ध्या तासानं उरलेले परतले. कुणी विरोध करायला नव्हतं, कुणी “माझी असहमती नोंदवा” म्हणायला नव्हतं. पाटीचा ठराव मंजूर झाला. खोली वर नेण्याचा विषय निकाली निघाला. पंखा बंद करून सगळे गेले.

निकाली निघालेला विषय वर्षभर पुन्हा घेता येत नाही. एकच वाट आहे, एक तृतीयांश सभासदांनी सह्या द्यायच्या. भडक्या आता सह्या मागत हिंडतोय. सर आणि मॅडमनी केव्हाच दिल्या. बाकीचे “बघू” म्हणतात. काकू अजून रोज तळघरात उतरते. आता तीही खोकते, असं तो परवा सरांना सांगत होता.

आज जेवणाच्या सुट्टीत तो एकटाच आत आला. हातात ड्रिल आणि कापडात गुंडाळलेली ती पाटी. लावायचं काम देखभाल विभागानं त्यालाच दिलंय. देणाऱ्याला काही वाटलं नसेल का? तो ताईच्या खुर्चीत बसला. माझ्या जाळीला त्याचे ओठ लागत होते, इतक्या जवळून बोलला.

“ताई, मी उठलो गं. नको म्हणाली होतीस, तरी उठलो.”

दिवा बंद होता. माझ्याशिवाय कुणी ऐकलं नाही. मग दारात काकू आली.

“इथे आहेस होय? वर्गावर्गातून शोधतेय तुला.”

“मी ही पाटी नाही लावणार काकू. दुसऱ्या कुणाला सांगा.”

“दुसरा पक्की लावेल. तूच लाव. स्क्रू सैल ठेव. खोली वर जाईल त्या दिवशी नुसत्या हातानं निघाली पाहिजे.”

त्यानं बाहीनं तोंड पुसलं. “सह्या कमी पडतायत काकू. बघू म्हणतात सगळे.”

“बघू म्हणणाऱ्याच्या दारात रोज उभं राहायचं असतं. उद्यापासून मी येते सोबत. बोलेन मी. तू तोंड उघडलंस तर याद राख.”

दोघं गेले. खालून आता ड्रिलचा आवाज येतोय, टेबलातून माझ्यापर्यंत.

वाचणाऱ्यांनो, मी इथून हलणार नाही. माझा दिवा कधी लागेल हे माझ्या हातात नाही. पण तुम्ही जिथे काम करता तिथे अशी एखादी खुर्ची असेल, तर तिच्यासाठी उभे राहा, नाहीतर निदान मत द्या. आणि बसलात तर राग आला, रडू आलं, तरी बसून राहा. समोर कुणी बसलेलंच नसेल, तर माझा दिवा लावा म्हणून सांगणार कोण?