पॉलिशचे तीन हात

मित्रांनो, मला जुना दुतार म्हणा, नाहीतर भिंतीवरचं शोभेचं लाकूड म्हणा. आता दोन्ही सारखंच. मर्गिलान माझं गाव. इथे घरोघरी रेशमाचे माग चालतात, त्यामुळे माझ्या दोन तारासुद्धा रेशमाच्या होत्या. होत्या म्हणतोय, लक्षात घ्या.

मला घडवलं नियाझमत उस्तादांनी. म्हातारा महाखडूस. तुतीचं लाकूड त्यांनी सात वर्षं छपरावर नुसतं वाळत टाकलं होतं. गिऱ्हाईक घाई करायला लागलं की म्हणायचे, "घाई आहे ना? मग घरी जाऊन घमेलं वाजव!" त्या लाकडाच्या पातळ पट्ट्या शेकून त्यांनी वाकवल्या, एकीला एक चिकटवून माझं पोट केलं आणि वर जर्दाळूच्या लाकडाची मान बसवली. पोटावरची फळी मात्र कोरी ठेवली. तिला ना तेल लावलं, ना रंग. आवाज तिथूनच निघतो, तिला झाकायचं नसतं, असं ते प्रत्येकाला बजावून सांगत.

दुकानात माझ्या शेजारी हाडाच्या चांदण्या जडवलेला एक दुतार होता. जो तो त्याच्यापाशी थांबायचा. माझ्याकडे कुत्रंसुद्धा बघत नव्हतं. अशी दोन वर्षं गेली आणि एक दिवस रिसोलत आली. मागावर अतलस विणणारी, नुकतं लग्न झालेली पोर. तिने डोळे मिटले आणि एकेक दुतार उचलून, पाठीवर टिचकी मारून कान लावला. चांदण्यांवाल्याला म्हणाली, "दिसायला नवरदेव, आणि आवाज भरल्या मडक्याचा!" मग मला टिचकी मारली. पुन्हा एकदा मारली. मग म्हणाली, "उस्ताद, हा द्या." कधी नव्हे ते उस्ताद हसले.

चाळीस वर्षांहून जास्त मी तिच्या मांडीवर होतो. माझ्या तारा ती स्वतः वळायची. वाजवून झालं की लगेच त्या सैल करायची आणि म्हणायची, "चल, तूही पाय पसर आता." शेगडीच्या जवळ तिने मला कधी ठेवलं नाही. कोरड्या थंडीत माझ्या कोनाड्यात पाण्याची वाटी असायची. आठवड्यातून एकदा गल्लीतल्या बायका कुणा एकीच्या घरी जमायच्या. चहा, नान, टिंगलटवाळी, सासवांची उणीदुणी, आणि मग मी. हसता हसता त्या बायका कधी डोळे पुसायला लागायच्या, ते त्यांनाही कळायचं नाही. तेव्हा आपण किती भाग्यवान आहोत, हे मला समजलं नव्हतं.

मग रिसोलतचे डोळे गेले. पाठोपाठ हात थरथरायला लागले. तेव्हापासून रोज दुपारी तिची नात अनोरा मला वाजवायची आणि आजी पडल्या पडल्या चुका काढायची. "अगं, खालची तार ओरडतेय, समजूत घाल तिची!" घरात सगळ्यांना ती सांगायची, "जेवायला एक वेळ उशीर झाला तरी चालेल. एवढं मात्र रोज ऐकवा. आता दुसरं उरलंय काय माझ्याकडे?"

तिला सत्तरावं लागलं तेव्हा मुलाने, शुहरतने, मोठी मेजवानी ठरवली. आमच्याकडे पाहुण्यांच्या खोलीत घराची अब्रू मांडून ठेवतात. रजयांची उतरंड, चिनी मातीची भांडी, सगळं चकचकीत. सून हुल्कर माझ्याकडे बघून म्हणाली, "अहो, आणि मध्ये हा काळवंडलेला? दोनशे माणसं येणार. म्हणतील, आईच्या वस्तूची काय ही दशा!"

"खरंय तुझं," शुहरत म्हणाला. "पण आईला कळू देऊ नकोस. चकित करू तिला."

"बाबा, आजीला एकदा विचारा ना," अनोरा म्हणाली.

"तू गप गं. मोठ्यांच्यात तोंड घालू नकोस."

मेजवानीच्या गडबडीत चार दिवस वाजवणं बंद, असं आईला सांगितलं आणि मला कपाटं रंगवणाऱ्याकडे नेलं! त्याने माझ्यावर पॉलिशचे तीन हात मारले. कोऱ्या फळीवरसुद्धा. वर हाडाच्या चांदण्या चिकटवल्या. रेशमाच्या तारा काढून कचऱ्यात टाकल्या आणि मासे धरायची नायलॉनची दोरी चढवली. "जन्मभर तुटायची नाही," म्हणे. मला बोलता आलं असतं तर त्याच्या सात पिढ्या उद्धरल्या असत्या.

मेजवानीच्या दिवशी पुलावाच्या कढया उतरल्या, पाहुणे जेवले आणि अनोराने मला मांडीवर घेतलं. दोन ओळी वाजल्या असतील. रिसोलतने हात वर केला. "हा कुणाचा आणलात? माझा कुठे आहे?"

"आई, तुझाच आहे गं! नवाकोरा करून आणला. हात लावून बघ!" शुहरतचा चेहरा नुसता फुलला होता.

तिची थरथरती बोटं माझ्या फळीवर आली. पॉलिशवरून घसरली. एका चांदणीवर थांबली. नायलॉनला लागली आणि चटका बसल्यासारखी मागे आली. तिला सगळं कळलं. सगळी खोली तिच्याकडे बघत होती. मला वाटलं, आता ही किंचाळणार. किंचाळ ना, बाई! पण ती म्हणाली, "छान झालाय रे. तुझ्या हातांना कधी दुखणं न येवो."

लोकांनी वाहवा केली. शुहरतने डोळे पुसले.

दुसऱ्या दिवशी दुपारी अनोरा मला घेऊन आली, तर आजी म्हणाली, "आज नको बाळा, डोकं दुखतंय." तिसऱ्या दिवशीही नको. नंतर अनोराने विचारणंच सोडलं. नियाझमत उस्तादांच्या शिष्याकडे ती मला गुपचूप घेऊन गेली होती. त्याने टिचकी मारली आणि मान हलवली. "पॉलिश आत मुरलंय पोरी. खरवडायला गेलो तर फळीच जाईल." वसंतात रिसोलत गेली. शेवटचे पाच महिने तिने एक सूरही ऐकला नाही.

मित्रांनो, वाद्य घ्यायचं तर कानाने घ्या. जपायचं तर ज्याच्या हातात ते आहे, त्याला विचारून जपा. माया उतू गेली म्हणून विचारायचं राहून जात असेल, तर आग लागो त्या मायेला. शुहरत आजही येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला माझ्यासमोर उभं करतो आणि सांगतो, "आई इतकी खूश झाली होती!" तिने त्याला सांभाळून घेतलं. मी घेणार नाही. तुमच्यापैकी कुणी मर्गिलानला आलात, तर त्याला खरं काय ते सांगा.