टोचल्याची बातमी

मी एक जुनी चेतापेशी आहे, मित्रांनो. शिवणकाम करणाऱ्या एका बाईंच्या वयाची, म्हणजे बावन्न वर्षांची. माझे घर त्यांच्या मानेच्या कण्यालगत आहे. तिथून माझा लांबलचक तंतू थेट त्यांच्या डाव्या तर्जनीच्या टोकापर्यंत पोचतो. त्यावर चरबीचे वेष्टण आहे, मधेमधे उघड्या जागा सोडलेले.

तुरपाई करताना सुईचे टोक कापडाखालच्या बोटाला लागले की माझ्या टोकाची सूक्ष्म दारे उघडत. मिठातले विद्युतभारित कण आत घुसत आणि विजेची लहर एका उघड्या जागेवरून दुसरीवर उड्या मारत निघे. कण्यात पुढच्या पेशीपाशी मात्र एक फट आहे. तिथे मी रसायनाचे कण सोडते आणि ती शेजारीण बातमी मेंदूकडे धाडते. अर्धवट बोलणे मला जमत नाही. जास्त दुखले तर मी मोठ्याने नव्हे, भराभर ओरडते. कौतुक मात्र बाईंच्या हाताचे होई! त्यांचा टाका वरून दिसतच नाही, असे लोक म्हणत.

एकदा विसळताना काचेचा पेला हातातच फुटला. काच तळव्यात शिरली आणि माझा तंतू तुटला. डॉक्टरांनी आम्हा तंतूंची तुटलेली जुडी जोडली. शिवणारीलाच टाके पडले. पण तुटलेला पुढचा भाग मेला होता. त्याच्या रिकाम्या नळीतून मी रोज जेमतेम एक मिलिमीटर वाढत राहिले.

दरम्यान बाईंनी एक पांढरा झगा शिवायला घेतला. सुई बोटात किती वेळा घुसली, त्यांना कळलेच नाही. झग्यावरचे रक्ताचे डाग पाहून त्या शिवणाच्या दुकानात सोबत काम करणाऱ्या नणंदेला म्हणाल्या, "वन्सं, झालं माझं. आता दुकान तुम्हीच बघा." मला फार अपराधी वाटले.

काच लागल्यानंतर पाचव्या महिन्यात बाई दुकानातले आपले सामान आवरू लागल्या. टाचण्या डबीत भरताना एक बोटात घुसली. मी जीव खाऊन ओरडले.

"आई गं!"

नणंद धावत आल्या. "काय गं, काय झालं?"

"दुखलं! अहो वन्सं, दुखलं मला!" बाई हसत होत्या, रडत होत्या, आणि तेच बोट पुन्हा टाचणीवर टेकवून बघत होत्या.

"पुरे गं, चाळणी करशील बोटाची!" नणंदेने डोळे पुसले आणि डबीतल्या टाचण्या पुन्हा टेबलावर ओतल्या.

हुश्श! माझा जीव भांड्यात पडला.

मित्रांनो, मी मेले तर माझ्या जागी दुसरी येत नाही. तेव्हा काच जपून हाताळा. आणि कुठे टोचलेच, तर आधी हात मागे घ्या. मला शिव्या मग द्या.