जेवलो, आई

यमुताईंनी ताटात पाटवडीचा रस्सा वाढला आणि स्वानंद भाकरीचा पहिला तुकडा मोडणार, एवढ्यात ओट्यावरचा त्यांचा फोन टुणकन वाजला. पदराला हात पुसून त्यांनी फोन उचलला, कपाळावरचा चष्मा नाकावर ओढला आणि आलेला निरोप मोठ्याने वाचला.

"जेवलो, आई. तू पण जेव."

निरोपाशेजारी स्वानंदचाच फोटो होता. स्वानंद मात्र त्यांच्या समोर पाटावर बसलेला होता आणि ताटातल्या रश्शाला अजून बोटही लागलेलं नव्हतं.

"काय जेवला गा?" यमुताईंनी विचारलं.

स्वानंदच्या हातातली भाकरी हातातच राहिली. पारशिवनीला आईकडे यायच्या गडबडीत संगणकावरची ती एक ओळ बंद करायची तो साफ विसरला होता.

शहराबाहेरच्या वाडी नावाच्या गावी एका मोठ्या गोदामात तो संगणक सांभाळत असे. ट्रक भरायची धांदल संध्याकाळीच सुरू होई, त्यामुळे त्याच्या जेवणाला काळवेळ उरली नव्हती. इकडे यमुताईंची तऱ्हा अशी, की लेक उपाशी असताना घास घशाखाली उतरायचा नाही. स्वानंदचे वडील होते तेव्हा निदान दटावायला कुणीतरी होतं. त्यात यमुताईंना साखरेचं दुखणं लागलं. डॉक्टरांनी बजावलं होतं, की आठाला गोळी घ्यायची आणि लगेच ताटावर बसायचं. यमुताईंनी मान डोलावली आणि घरी येऊन त्या लेकाच्या निरोपाची वाट पाहू लागल्या. निरोप धाडायचं स्वानंदच्या लक्षातच राहत नसे. म्हणून त्याने ते काम कर्लवर सोपवलं.

कर्ल हा त्याच्या रोजच्या कामातला गडी, म्हणजे संगणकातला एक प्रोग्राम. काळ्या पडद्यावर एक ओळ लिहिली, की तो माहिती इकडची तिकडे नेऊन पोचवतो. गोदामाच्या याद्या कंपनीच्या सर्व्हरवर चढवणं, तिकडची बिलं उतरवून घेणं, फाइल अर्ध्यात तुटली तर तुटल्या जागेपासून पुढे ओढणं, पत्ता बदलला असेल तर नव्या पत्त्यावर जाणं, नेट गेलं तर दम खाऊन पुन्हा दार ठोठावणं, हे सगळं तो निमूट करतो. फक्त प्रत्येक गोष्ट त्याला आधी सांगून ठेवावी लागते. नेतोय त्यात काय आहे, याच्याशी त्याला कर्तव्य नसतं. वाडीतल्या ट्रकवाल्यांचंही तसंच, ताडपत्रीखाली काय आहे ते भरणाऱ्याला ठाऊक.

स्वानंदने निरोपांच्या एका सेवेवर आपल्या नावाचं वेगळं खातं उघडलं आणि रोज आठाला तेच वाक्य आईला धाडायची व्यवस्था लावली. सर्व्हर 'पोचलं' म्हणून कळवी आणि स्वानंद निर्धास्त होई. आई आता वेळेवर जेवते, याचं त्याला मनापासून समाधान वाटत होतं.

तरीही या महिन्यात यमुताई घेरी येऊन दोनदा पडल्या होत्या. दुसऱ्या वेळी शेजारच्यांनी उचलून खाटेवर ठेवलं. साखर एकदम उतरली होती. जेवायच्या वेळा चुकतात का, असं डॉक्टरांनी विचारलं तेव्हा यमुताई छातीवर हात ठेवून नाही म्हणाल्या. मग चुकतं कुठे, हे शोधून काढायलाच तो आज सुट्टी घेऊन आला होता.

"आई, ते..."

"मशीन आहे ना ते?"

"तुले कसं समजलं?"

"लहानपणी आंघोळीले धाडाचं तं चार आवाज द्या लागत होते तुले. तू रोज एकाच ठोक्याले जेवशील? अन् मी विचारलं काय भाजी होती, तं उत्तर नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा आपलं, जेवलो. पंधरा दिवसात समजलं मले."

त्या खात्यावर येणारी उत्तरं आणायला स्वानंदने कर्लला कधी सांगितलंच नव्हतं. त्याचे कान तापले.

"मंग बोलली काहून नाही?"

"एवढं मेहनतीनं केलं तू. अन् कामाचं आहे ते. वाजलं की मी गोळी घेते."

"अन् मंग लगेच जेवते ना?"

यमुताई रस्सा ढवळू लागल्या. रश्शाला ढवळण्याची काही गरज नव्हती.

"आई."

"जेवते ना. प्रेमिलाचा फोन आला की जेवते."

प्रेमिला म्हणजे वाडीतली खानावळवाली. स्वानंद रोज रात्री तिच्याकडेच जेवायचा. त्याला खोली पाहून द्यायला यमुताई गेल्या होत्या, तेव्हाच त्यांनी तिचा नंबर घेऊन ठेवला होता. स्वानंदचं ताट उचललं, की ती पारशिवनीला फोन लावायची. कधी दहाला, कधी त्याच्याही नंतर.

म्हणजे निरोप सुरू होण्यापूर्वी गोळी आणि जेवण दोन्ही उशिरा होत होती. त्याच्या निरोपाने गोळी तेवढी वेळेवर आणली होती आणि जेवण होतं तिथेच राहिलं होतं. पोटात गोळी घेऊन आई दोन-दोन तास अन्नावाचून बसत होती. ज्या ओळीचं त्याला एवढं कौतुक होतं, तिनेच आईला दोनदा पाडलं होतं. त्याला स्वतःची शरम वाटली. आईचा रागही आला, पण तो कोणत्या तोंडाने काढायचा?

"ताट घे," तो म्हणाला. "माह्यासमोर जेव."

दोघं जेवले. 

दुसऱ्या दिवशी वाडीला परतल्यावर त्याने ती ओळ काढून टाकली. संध्याकाळी ट्रक दारात उभे असतानाच गोदाम सोबत काम करणाऱ्या रजतच्या गळ्यात टाकून तो आठाला खानावळीत हजर झाला.

"आज सूर्य कुठून उगवला?" प्रेमिला पोळी लाटता लाटता म्हणाली. "काहून एवढ्या जल्दी?"

"वाढा लवकर. अन् आईले फोन लावा."

तिने ताट वाढलं, नंबर लावला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा फोन त्याच्या पुढ्यात ठेवला. व्हिडिओ लावावा, तर त्या वेळी तिथलं नेट रडत असे.

"ताई, जेवून राहिले तुमचे स्वानंद."

"आत्ता?"

"हो. समोरच बसले आहेत."

पलीकडून यमुताईंनी आवाज खाली आणला.

"प्रेमिला, खरं सांग वं. तुलेबी सांगून ठेवलं का त्यानं?"

प्रेमिलाचा चेहराच उतरला. एवढ्या महिन्यांत तिने यमुताईंना एकही खोटा शब्द सांगितला नव्हता. स्वानंदने घाईघाईने घास गिळला.

"आई, मी बोलून राहिलो. खरंच जेवून राहिलो."

"तू तं रोजच सांगतो."

 स्वानंदने ताटातला पापड उचलला, फोनजवळ वाकला आणि कडकन तोडला. तोंड मिटायचं भान न ठेवता चावत राहिला. मग दुसरा तुकडा तोडला, तिसरा तोडला. शेजारच्या बाकावरचे दोन ड्रायव्हर जेवण थांबवून त्याच्याकडे पाहू लागले. प्रेमिलाने न बोलता आणखी एक पापड त्याच्या ताटात टाकला.

तोही संपत आला तेव्हा पारशिवनीत फरशीवर ताट सरकल्याचा आवाज झाला.

"बरं," यमुताई म्हणाल्या. "बसते मी. ठेव आता फोन."

"नाही ठेवत," स्वानंद म्हणाला. "मलेबी ऐकू दे."